बारावी बाटली

मामानं बारावी बाटली फडक्यानं पुसली, जुनं बूच चिमट्यानं अलगद ओढलं आणि दोन ग्लासांत घोटघोट वाइन ओतली.

"नकटे, दिव्याखाली ये," तो भाचीला म्हणाला.

बसक्या नाकावरून घरानं तिला हे नाव चिकटवलं होतं. पण वाइनच्या दुकानाच्या तळघरात तिच्याइतकं तिखट नाक दुसऱ्या कुणाचं नव्हतं, अर्थात मामाचं सोडून. त्याच्या नाकाच्या जिवावर तर हे दुकान उभं होतं. ती दोन वर्षं त्याच्या हाताखाली होती, आणि चव घेताना तो तिला नेहमी असाच दिव्याखाली उभा करायचा. वाइनचा रंग नीट दिसावा म्हणून असेल, असं तिला वाटे.

आजच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या जन्मसालची ही फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेली. पंचेचाळीस वर्षांत बुचांतून थोडी थोडी उडून ती बाटल्यांच्या गळ्याखाली उतरली होती. आता एक बाटली खर्ची घालून बाकीच्या अकरा भरायच्या आणि नवी बुचं ठोकायची. भरायची बाटलीच नासकी निघाली, तर अकराही गेल्या.

नकटीनं ग्लास नाकाशी नेला. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. पुसट होता, पण होताच. बूच बाधलं होतं, वाइन नासली होती.

तिनं चेहरा दगडासारखा ठेवला. मागच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं तक्रार केली होती, की तुमची भाची एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं करते. त्यावरून मामीनं तिला चांगलंच झापलं होतं. आणि मामा सांगेलच की, आपण कशाला लहान तोंडी मोठा घास घ्या?

मामानं घोट तोंडात घोळवला, ग्लासावरून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उत्तम," तो म्हणाला. "भरू या."

नकटीनं ग्लास पुन्हा नाकाशी नेला. पुठ्ठा तिथंच होता.

"नक्की ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "बाबांचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"निश्चिंत राहा, बाई."

त्यानं भरायच्या पहिल्या बाटलीचं बूच काढून तिच्या तोंडाला नरसाळं लावलं. बोलावं तर गिऱ्हाइकादेखत मामाची अब्रू जाणार, न बोलावं तर बाईंच्या बाटल्या मातीत. बाटली तिरकी करता करता मामानं पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड आपोआप वाकडं झालं.

त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"ही नको," तो म्हणाला. "बुचाचा वास लागलाय हिला."

ग्लास त्यानं पुन्हा नाकाशी नेलासुद्धा नव्हता.

"अहो, आत्ता तर उत्तम म्हणालात."

मामानं बाटली खाली ठेवली, पण त्याची नजर अजून नकटीच्या तोंडावरच होती. दिवा वाइनच्या रंगासाठी नव्हताच, हे तिला आत्ता कळलं.

"मामा दोनदा खात्री करतो, बाई," ती म्हणाली. "कायमचंच आहे त्याचं."

मामानं मान खाली घालून दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं आणि वाइन ओतली. त्यानं सांगायच्या आतच नकटी दिव्याखाली जाऊन उभी राहिली.