बेडकं गप झाली

मित्रांनो, माझी उंची चार बोटं, अंग शिवणीच्या लाकडाचं आणि धंदा म्हणाल तर दबा धरून माणसं मारण्याचा. घाबरू नका. मी एक जुना लाकडी गिऱ्हा आहे. गिऱ्हा म्हणजे डोहाच्या तळाशी बसलेलं भूत. पाण्यात उतरलेल्याचा पाय धरतं आणि खाली ओढतं, असं आमच्याकडे सांगतात. खरा गिऱ्हा कुणी पाहिलेला नाही. मी मात्र खरा आहे, कारण मला चंदरने घडवलं, आणि त्याच्या हातची वस्तू कधी खोटी निघाली नाही.

चंदर खालापूर तालुक्यातला, पाताळगंगेच्या काठच्या एका लहानशा गावातला. खोपोलीकडच्या एका कारखान्यात तो लाकडी नमुने करायचा. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो तसाच्या तसा लाकडात करावा लागतो आणि त्यात केसभर चूक चालत नाही. त्याच खात्यात गावातल्याच आबाजींचा सदू होता. दोघं एकाच सायकलवरून कामाला जायचे. चढ आला की सदू उतरून ढकलायचा, उतार आला की चंदर पाय सोडून गाणं म्हणायचा. चंदरचं गाणं चांगलं नव्हतं, पण सदूने तसं कधी बोलून दाखवलं नाही.

त्र्याऐंशी साली सदूचे बोटीवरचे मामा सुट्टीवर आले आणि परदेशातून एक खोका घेऊन आले. त्यांना तो लुडोचा वाटला होता. आत निघालं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि नाना तोंडांचे फासे. एकाला तर वीस तोंडं. पट नाही, सोंगट्या नाहीत. सदूच्या घरात कुणालाच काही उमगेना, तेव्हा खोका चंदरच्या बहिणीकडे, जयाकडे आला. जया प्राथमिक शाळेत बाई होती. उन्हाळ्याची सुट्टी तिने शब्दकोश मांडीवर घेऊन काढली आणि खेळ उलगडला.

खेळ असा: एकाने गोष्ट सांगायची आणि गोष्टीतले सगळे राक्षसही त्यानेच चालवायचे. बाकीच्यांनी एकेक वीर व्हायचं. आपला वीर काय करतो ते ज्याने त्याने बोलायचं आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. प्रत्येक वीराला बारा जीव. ते संपले की वीर संपला. पुस्तकातले राक्षस जयाला परके वाटले. तिने त्यांना रजा दिली आणि मुंजा, खवीस आणि गिऱ्हा यांना कामावर घेतलं. रविवारी सकाळी विहारातली वंदना झाली की ओटीवर डाव मांडायचा. जया सांगणारी, आणि चंदर, सदू, सदूची बहीण सुंदरा हे तीन वीर.

सोंगट्या चंदरने उरल्यासुरल्या लाकडाच्या कोरल्या. मी सगळ्यांत शेवटचा. माझे दात कोरायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या. तो कामात असताना त्याचे वडील, धर्माजी, मागे येऊन उभे राहिले.

"काय रं हे?"

"गिऱ्हा हाय, बाबा. खेळातला."

"छप्पन्न साली धम्म घेतला तवा आमी घरातली सगळी भुतं भायेर काढली," धर्माजी म्हणाले. "आनि तू आता रंधा मारून आत आन."

पण जाताना त्यांनी मला उचलून पाहिलं आणि दातांवरून अंगठा फिरवला. आवडलो होतो मी त्यांना. मला कळतं.

शनिवारी चंदरने माझा उजवा डोळा तांबड्या रंगाने रंगवला. डावा सोमवारी रंगवू म्हणाला. त्या सोमवारी कारखान्यात करवतीत अडकलेली ढलपी तो काढत होता. यंत्र बंद होतं. सदूला वाटलं, चंदर चहाला गेला. बटण दाबण्याआधी हाळी द्यायची अशी त्यांच्या खात्याची रीत होती. सदूकडून ती कधी चुकली नव्हती. त्या दिवशी चुकली.

चंदरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मित्रांनो, मी राक्षस आहे, मला रडता येत नाही. पण फळीवर पडल्या पडल्या मी एका डोळ्याने त्या घराकडे पाहत होतो आणि ते घर कसं मुकं झालं ते मला ठाऊक आहे. चंदर दवाखान्यातून आला तो आतल्या खोलीत खाटेवर पडून राहिला. जेव म्हटलं की जेवायचा. सदू रोज कामावरून सुटला की यायचा, उंबऱ्याशी बसायचा आणि उठून जायचा. चंदर भिंतीकडे तोंड करायचा. शिवी दिली असती तरी सदूला बरं वाटलं असतं. जयाने मनाशी एकच धरलं होतं, की दादा सदूशी एक शब्द तरी बोलला पाहिजे. डाव पुन्हा मांडला तर बोलेल, असं तिला वाटलं.

भाद्रपदात तिने डाव मांडला. चंदरला हाताला धरून आणलं. तो बसला, पण सदूकडे न बघता. गोष्टीत वीर डोहापाशी आले. चंदरचा वीर पाणी प्यायला वाकला. जयाने पुस्तकाप्रमाणे मला बाहेर काढलं. दबा धरलेल्या राक्षसाचा पहिला घाव कुणाला चुकवता येत नाही, आणि तो दुप्पट बसतो. माझा घाव आठाचा. दुप्पट सोळा. चंदरजवळ जीव होते बारा.

माझ्याच हातून माझ्या कर्त्याचा घात झाला.

चंदरने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हितं बी तसंच. न सांगता." आणि उठून आत गेला. सदू मान खाली घालून बसला होता. त्याने फासे एकेक करून खोक्यात भरले आणि झाकण लावायला त्याला बराच वेळ लागला.

आता जयाची खरी परीक्षा होती. पंधरा दिवस ती वहीत आकडे लिहायची आणि खोडायची. राक्षस जबर ठेवला तर माणसं उठून जातात. नरम केला तर खेळात राम राहत नाही. शेवटी मायेपोटी तिने मलाच कापलं. माझा घाव दोनावर आणला. चंदरचा वीर पाण्यातून वाहत जाऊन वाचला होता, असं सांगून त्याची समजूत काढली आणि त्याला परत बसवलं. सुंदराने तर राक्षसाशी आधी बोलून बघू या असं सुचवलं. ती सगळ्याच राक्षसांशी बोलून बघायची.

मी चालून गेलो. जयाने फासा टाकला. अकराच्या वर पडलं की घाव लागतो, असा नियम. फाशावर अठरा पडले. जया पटकन फासा उचलून म्हणाली, "चुकला."

 चंदरने तिच्या मुठीकडे बोट केलं. "जये, अठरा पडलं व्हतं. माजी बोटं गेलीत, डोळं नाय."

"दादा, तसं नाय रे..."

"माज्यासाटी गिऱ्हा मिळमिळीत करू नको. त्ये मला मारन्यापरीस वंगाळ हाय."

तो पुन्हा आत गेला. खरं सांगू का, मला त्याचा अभिमान वाटला. हातचं राखून मारणारा राक्षस होण्यात कसली इज्जत? पण जयाच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवलं नाही. ती ओटीवर एकटी बसली. जवळच तिची आई, पारूबाई, सुपात वाल निवडत होती.

"काय झालं गं तुज्या भुताचं?"

"कसा बसवू तेच कळत नाय, आये. जोरानं मारला तर अन्याय, हळू मारला तर दया."

पारूबाईला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डोह तिला कळत होता. जन्मभर तिने त्याच्या काठाने भारे वाहिले होते. ती वाल निवडत म्हणाली, "तुजा गिऱ्हा बसतो तितं बेडकं वरडतात का?"

"म्हंजे?"

"अगं, सांजचं डोहावरनं येताना आमी कान देतो. बेडकं वरडतात तवर खुशाल चालावं. एकदम गप झाली की पाय जितं हाय तितं ठेवावा. काटी आपटावी. सरप असंल, रानडुक्कर असंल, कायतरी हाय. दडलेलं जनावर दिसत नाय, पन सांगतं. आयकायचं का नाय ते आपलं."

जयाचा हात वहीवर थांबला. मग तिने भराभर लिहिलं. माझा आठाचा घाव तिने मला परत दिला, दुप्पटही परत दिला. फक्त एक ओळ जोडली: गिऱ्ह्याने मारण्याआधी एकदा खूण झालीच पाहिजे. ती ऐकून जो थांबेल त्याच्यावर दबा चालायचा नाही. जो ऐकणार नाही त्याला माफी नाही. त्या रात्री फळीवर मी किती ताठ बसलो होतो म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी जयाने चंदरला बोलावलंच नाही. डाव मात्र ओटीवर, त्याच्या दाराशी मांडला. दार अर्धं उघडं होतं. आत खाट कुरकुरली, म्हणजे तो जागा होता.

जया सांगू लागली. "सांज झाली. तुम्ही डोहाशी आलात. बेडकं वरडतायत. सुंदरा काठावर थांबली. सदू, तू पुढं आहेस. पैलतीरावर दिवा दिसतोय. काय करतोस?"

"पान्यात उतरतो," सदू म्हणाला. 

"एक पाऊल पडलं. पाणी घोट्याला लागलं." जयाने श्वास घेतला. "बेडकं गप झाली. काय करतोस?"

सदूला काही कळलं नाही. सुंदरालाही नाही. दोघं शेतीच्या घरातली, रोज बेडकं ऐकणारी, पण ऐकलेलं ध्यानात कुठं घेतो आपण? मी डावाच्या कडेला, जयाच्या ओच्याआड दडलो होतो. माझा सोळाचा घाव तयार होता. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हा माणूस पुढे येऊ नये.

"उतरतो, आनि काय," सदू म्हणाला आणि आपली सोंगटी पुढे सरकवायला त्याने हात घातला.

"सदू, थांब!"

आवाज आतून आला होता. चंदर दारात उभा होता. "हात मागं घे," तो म्हणाला. "बेडकं गप झाली, आयकलं नाय? पान्यात कायतरी हाय. हात मागं घे, सदू."

सदूने हात मागे घेतला.  मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोलला ते इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलला. "मी हाळी दिली नाय रं, चंदर. मला वाटलं तू चहाला गेलास. मी हाळी दिली नाय."

चंदर त्याच्या शेजारी येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून.  आत पारूबाईने चूल फुंकायची थांबवली होती. मग चंदर म्हणाला, "आता काटी आपट. जये, आमी काटी आपटतो. काडा तुमचा गिऱ्हा भायेर."

मी बाहेर आलो. त्या दिवशी तिघांनी मिळून मला चोपलं. चंदरने डाव्या हाताने फासा टाकला, वीस पडले, आणि मी मेलो. इतक्या आनंदाने कुठला राक्षस मेला नसेल. संध्याकाळी त्याने डाव्या हातानेच माझा राहिलेला डोळा रंगवला. तो उजव्यापेक्षा बराच मोठा झाला. त्यामुळे मी आता राक्षस कमी आणि वाट चुकलेला पाहुणा जास्त दिसतो. धर्माजी तर मला बघून हसले.

पुढे दोन-तीन पावसाळे डाव रंगला. मग जयाचं लग्न झालं, सुंदराचं झालं, पुस्तकाला कसर लागली, फासे कुठे कुठे गेले. मी काही दिवस वालाच्या डब्यात, काही दिवस पाटाखाली काढले. एकदा उंदराने माझा कान कुरतडला. वाईट वाटलं, पण राग नाही. खेळ संपला की सोंगट्यांचं हेच होतं.

मग चंदर आणि सदूने कर्जतला बाजारपेठेत मिळून दुकान काढलं. पाट, पोळपाट, लाटणी, लहान मुलांच्या गाड्या. हाताखाली धाकलू आणि येसाजी अशी दोन गडीमाणसं आली. करवत बसवली त्या दिवशी चंदरने घरून मला शोधून आणलं, जवसाचं तेल पाजलं आणि बटणाच्या वरच्या फळीवर ठेवलं. मग सदूला म्हणाला, "बटन तूच दाबायचं."

"मी नको रं."

"तूच. तुज्यावानी हाळी कोन देनार नाय आता."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. खेळणं जुनं झालं तर फेकू नका, वर्षातून एकदा फडक्याने पुसा. त्याच्या पोटात तुमच्याच घरची गोष्ट असते. आणि कुणापुढे काही दडवून ठेवायची वेळ आलीच, तर आधी एक खूण द्या. समोरच्याला दुबळा समजून दया करू नका, आणि गाफील गाठून घावही घालू नका. एवढं राक्षसाला जमलं, तुम्हाला जमेल.

आमच्या दुकानात रोज सकाळी सदू बटणापाशी येतो, माझ्या वाकड्या डोळ्याकडे बघतो आणि मोठ्याने हाळी देतो, "बेडकं गप!" सगळे हात वर होतात. वर आलेली बोटं तो एकेक करून मोजतो. धाकलूची दहा, येसाजीची दहा, चंदरची सात. मग स्वतःचा एक हात वर धरून तो दुसऱ्या हाताने बटण दाबतो. संध्याकाळी करवत थांबली की मीही मोजतो. धाकलूची दहा, येसाजीची दहा, सदूची दहा, चंदरची सात. इतकी वर्षं झाली, त्यातलं एकही कमी झालेलं नाही.