हेल्मीचा लाल घागरा

"जरा हसा ना, मावशी! बाई फोटो काढतायत तुमचा."

गाइड पोरगी सांगत होती आणि एक परदेशी बाई हेल्मीसमोर मोबाइल धरून उभी होती. राजधानी टॅलिनच्या टेकडीवर, कठड्यापाशी. अर्धा मार्च सरला होता, पण वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठावं. खाली कौलं, पलीकडे बंदर आणि त्याच्याही पलीकडे काळपट समुद्र. हेल्मी हसली नाही. बाईला फोटो तिचा हवाच नव्हता, तिच्या घागऱ्याचा हवा होता.

हेल्मीच्या किहनू बेटावरच्या बायका अजून घरच्या मागावर विणलेले पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी घागरे घालतात. सुखात लाल, दुःखात काळा. घरातलं माणूस गेलं की काळा चढतो, मग दिवस जातील तशी एकेक लाल पट्टी परत येते. बेटावर कुणाला 'कशी आहेस' म्हणून विचारावंच लागत नाही, घागरा बघितला की झालं.

आणि हेल्मीचा घागरा पाच महिने झाले तरी लालभडकच होता.

तिचा मुलगा कारेल ऑक्टोबरात मालवाहू जहाजावरून समुद्रात पडला. सापडला नाही. पाद्र्यांनी प्रार्थना म्हटली, शेजारणी येऊन रडून गेल्या, पण हेल्मी काही मानेना. "त्याच्या अंगात माझा स्वेटर आहे," ती सांगायची. "मनगटाला राखणीचा लाल काठ घातलाय, कमरेला घातलाय. समुद्राची काय बिशाद त्याला हात लावायची! उचललं असेल कुठल्यातरी बोटीने." आईच्या तोंडाला कोण लागणार? मुलाचं सामान घेऊन जा, अशी जहाज कंपनीची तीन पत्रं आली. ती तिने पिठाच्या डब्यामागे कोंबली. सामान आणायला जायचं म्हणजे पोरगा गेला हे कबूल करायचं.

मग बेटावरच्या बायकांची राजधानीची सहल ठरली. हेल्मी उभ्या जन्मात एकदाच टॅलिनला आली होती, पित्ताशयाच्या ऑपरेशनला. तेव्हा तिने बघितलं ते इस्पितळाचं छत. "चल की वहिनी," नणंद लीडा मागेच लागली, "फिरायचं, खायचं, परत यायचं. बाकी काही नाही." हेल्मी हो म्हणाली आणि निघताना तिसरं पत्र पर्समध्ये टाकलं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

टेकडी बघून झाली तशी गाइडने दोन तासांची मोकळीक दिली. बायका कॉफी आणि केक शोधत सुटल्या.

"तू नाही येत?" लीडाने विचारलं.

"बंदर बघून येते."

"बंदरात काय बघायचंय मेलं? जन्मभर बोटीच बघितल्या की आपण."

"राजधानीच्या बोटी बघते. तुला काय त्रास?"

लीडाने नुसती मान डोलावली आणि ती बायकांमागे निघाली. एरवी तिची जीभ अशी सहजासहजी थांबायची नाही.

बंदरातल्या जहाज कंपनीच्या कचेरीत काउंटरवर एक तरुण कारकून मुलगी होती. हेल्मीला बघून तिचा चेहरा खुलला. "अय्या, किती छान घागरा! आज काही सण आहे का तुमच्या बेटावर?"

हेल्मीने पत्र पुढे सरकवलं. मुलीने वाचलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ करा हं काकू. मला कळलं नाही."

"तुला कसं कळणार, बाळ? आण काय असेल ते."

आतून एक पिशवी आली. एकदा बघून घ्या, मग सही करा, असं मुलगी हळूच म्हणाली. हेल्मीने चेन ओढली. अगदी वरच स्वेटर होता. धुतलेला, कुणीतरी नीट घडी घातलेला. तिने बाही उलटून बघितली. मनगटाला लाल काठ.

"हा कुठे होता?"

"कपाटात. यादीत लिहिलंय तसं."

"थंडी असेल ना त्या दिवशी?"

मुलगी पाणी आणायला उठली.

"हज्जारदा सांगितलं होतं," हेल्मी स्वेटरलाच म्हणाली, "डेकवर जाताना घालत जा म्हणून. ऐकेल तर शप्पथ! मोठा शहाणा लागून गेलास..." स्वेटर तोंडाशी धरून ती हमसून हमसून रडली. त्याला वास येत होता तो नुसत्या साबणाचा, कारेलचा जराही नाही. पाच महिन्यांचं रडू होतं ते. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि सही केली.

ती परतली तेव्हा बसमध्ये सगळ्या बसल्या होत्या. हातातली पिशवी बघून लीडा उठून उभी राहिली.

"स्वेटर कपाटातच होता गं," हेल्मी म्हणाली.

सगळ्यांना समजलं.

"लीडा, इथे कुठे काळं लोकरी कापड मिळेल का? मी अशी बेटाच्या धक्क्यावर उतरायची नाही."

लीडाने वरच्या फळीवरून एक पुडकं काढलं. आत काळा घागरा होता, नवाकोरा, बारीक निळ्या रेघांचा.

"कधी विणलास?"

"नाताळापासून. तू आलीस की मागावर चादर टाकायचे."

"दिसला असता तर तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या मी."

"माहीत आहे की. म्हणून तर टाकायचे."

ड्रायव्हर कुणी न सांगताच खाली उतरला. बायका उठल्या आणि हेल्मीकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून तिच्याभोवती उभ्या राहिल्या. घागरा तिला अगदी बरोबर बसला. मग तिने लाल घागऱ्याची घडी घातली, वरून हात फिरवला आणि ती लीडाच्या हातात ठेवली.

"तुझ्या नातीला होईल," ती म्हणाली. "कमरेत थोडा आत घ्यावा लागेल."