भिंतीपलीकडच्या नऊ मुठी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नोकरीभर विम्याच्या ऑफिसात मेलेल्या माणसांचे क्लेम पास केले, त्यातलं एकही परत आलेलं पाहिलं नाही. त्यामुळे नंदकुमार गेल्यावर तो घरातच आहे असं मला वाटायला लागलं, तेव्हा पहिला राग माझा मलाच आला.

नंदकुमार माझा नवरा. अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायचा. मी त्याला नावाने हाक मारायची, अरे-तुरे करायची. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. वर्गात तो नुसती सूत्रं लिहून मोकळा व्हायचा नाही, आधी कोण कुठे चुकलं ते सांगायचा. किती तरी शतकं शहाणीसुरती माणसं समजत होती की वस्तू चालत राहायची तर तिला कुणीतरी ढकलत राहायला हवं. ढकलणारा गेला की वस्तू थांबली. "साफ चूक," नंदकुमार म्हणायचा. "चालत राहायला कुणी लागत नाही. थांबवायला लागतं." हे त्याने मला आमच्या पहिल्या भेटीत, वडापाव खाताखाता ऐकवलं होतं. तरी मी लग्न केलं, म्हणजे बघा.

मुलुंडच्या आमच्या घरात पॅसेजभर एक लाकडी फळी असायची. तिला मधोमध खोबण, आणि एका टोकाखाली दोन जाड पुस्तकं, म्हणजे जेमतेम उतार. वरून बेअरिंगची गोळी सोडायची. वाटेत छोट्या पितळी घंट्या टांगलेल्या, गोळी त्यांना हलकी घासून खाली जायची. ही कल्पना गॅलिलिओची, असं नंदकुमार सांगायचा. पडणारी वस्तू इतक्या वेगात पडते की मोजणार काय, म्हणून त्याने तिला उतारावर घरंगळायला लावलं आणि पडणंच हळू केलं. धड घड्याळही नव्हतं तेव्हा. बाप वादक, ताल कानात मुरलेला, त्यामुळे काही जाणकारांना वाटतं की त्याने वेळ कानानेच पकडला असावा. त्याला सापडलं ते असं, की गोळी पहिल्या ठोक्यात एक मूठ गेली तर दुसऱ्यात तीन जाते, मग पाच, मग सात, मग नऊ.

मूठ माझी होती. घंट्या लावायच्या दिवशी मी मोजपट्टी आणायला निघाले तर म्हणाला, "राहू दे गं, एकक कुठलंही चालतं. प्रमाण सांभाळलं की झालं." आणि माझी मूठ धरून फळीवर ठेवत, पेन्सिलीने खुणा करत गेला. पाच घंट्या लागल्या. त्यांच्यातलं अंतर वाढत जातं, पण आवाजांमधलं वाढत नाही. टिंग, टिंग, टिंग, टिंग, टिंग, सगळे सारखे. आमची स्वरदा लहानपणी त्या आवाजावर जेवायची.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घाटकोपरला भाड्याने आलो. मालकाने एका फ्लॅटचे मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन केलेले. आमच्या वाट्याला आलेला पॅसेज एवढासा. फळी मावेना. मी म्हटलं, "भंगारात दे." तो चिडला, मी त्याहून चिडले, आणि शेवटी त्याने करवत घेऊन चौथ्या घंटीच्या पुढे फळी कापली. गोळी पडायला तिथे चिंध्या भरलेला डबा ठेवला. डब्याच्या मागे लगेच पार्टिशन. मी फळीला हातसुद्धा लावणार नाही म्हणून सांगितलं आणि स्वरदाच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघून गेले.

तिथे एकदा त्याचा फोन आला. "पाचवी लागली गं, आपल्या जागेवर. आलीस की ऐकवतो." मी बाळाच्या अंघोळीच्या गडबडीत होते. बरं म्हटलं आणि ठेवला. त्यानंतर आली ती त्याची बातमी. संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

दिवस झाले, माणसं गेली, घर रिकामं झालं. एका संध्याकाळी पॅसेजमधून जाताना फळीवर ठेवलेली गोळी दिसली. मला तिचा संताप आला. सगळं जिथल्या तिथे आणि हाच तेवढा नाही. मी गोळी उचलली आणि वरून सोडून दिली. टिंग, टिंग, टिंग, टिंग. गोळी डब्यातल्या चिंध्यांत पडली, आवाज न करता. आणि मग बरोबर ठोक्यावर पाचवी घंटी वाजली.

मी तिथेच खाली बसले. डब्यात पाहिलं, डबा हलवून पाहिला. फळीच्या टोकावरून बोट फिरवलं, तिथे करवतीच्या कुसळांशिवाय काही नव्हतं. मन घट्ट करून पुन्हा गोळी सोडली. चार वाजल्या, आणि कुणीतरी पाचवी वाजवली. खरं सांगते, घाबरले नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जेवावंसं वाटलं.

स्वतःला समजावून पाहिलं की कानाला सवय असते, चार ऐकले की पाचवा तोच भरून घेतो. पण कान रोज भरेल ना? ही घंटी एखाद्या दिवशी वाजायचीच नाही. मी कॅलेंडरवर तारखा ताडून पाहिल्या. पौर्णिमेच्या दिवशी हमखास गप्प, एरवी ठीक. आता मेलेली माणसं म्हणे अमावास्येला जास्त फिरतात, लहानपणापासून हेच ऐकलेलं. मग पौर्णिमेला येत नसेल, माझं मीच जुळवलं. विम्याचा क्लेम असता तर असल्या पुराव्यावर मी सरळ नामंजूर लिहिलं असतं.

माझा नेमच झाला. दिवेलागणीला दिवा न लावता पॅसेजमध्ये बसायचं, अंधारात जास्त चांगलं ऐकू येतं. गोळी सोडायची. पाचवी वाजली की उठून स्वयंपाकाला लागायचं. मी कधी तोंडाने काही बोलले नाही. बोलले असते तर वेडी झाले हे मला कबूल करावं लागलं असतं.

आणि मग मुलुंडच्या नव्या इमारतीचा ताबा मिळाला. स्वरदा आली, पडदे मोजून गेली, टेम्पोसुद्धा ठरवून टाकला तिने. "आई, पॅसेज केवढा लांब आहे माहितीये? बाबांची अख्खी फळी मावेल." मी म्हटलं, "मी इथेच राहते." ती म्हणाली, "अगं इथे काय आहे?" मी तिला काय सांगू? इथे तुझा बाप आहे, पण फक्त चौथ्या घंटीनंतर, असं सांगू? घरमालकालाही जागा हवी होती. इथून निघाले की तो पार्टिशनपाशी, चौथ्या घंटीपुढच्या त्या मोकळ्या जागेत एकटा उरणार, गोळी सोडायला कुणी नाही, हे मला सहन होईना. एकदा त्याला सोडून गेले होते ते पुरे झालं.

टेम्पो यायच्या आदल्या संध्याकाळी मी फळीपाशी बसले. बाकी सगळं खोक्यांत गेलेलं. आणि मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नंदू, मृणालिनी बोलतेय. उद्या निघायचं म्हणतात. जाऊ का रे मी? नको जाऊ म्हणत असशील तर वाजव, मी स्वरदाला सांगते, काय व्हायचं ते होऊ दे. जा म्हणत असशील तर वाजवू नकोस."

गोळी सोडली. टिंग, टिंग, टिंग, टिंग. चिंध्यांत पडली.

पाचवी वाजली नाही. मी श्वास धरून बसले, ठोका गेला, त्याच्या पुढचाही गेला. तो मला जा म्हणत होता. एवढ्या सहज जा म्हणेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पार्टिशनपलीकडून कुणीतरी नाक ओढलं.

"बाई," बाईमाणसाचा आवाज आला, अगदी हलका. "तिकडं तुम्ही हाय का?"

पलीकडे सोनूबाई राहायच्या. मुलाकडे, भीमराजकडे. तो विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांची देखभाल करतो. नंदकुमार गेला तेव्हा त्या येऊन बसल्या होत्या, पण मी कुणाशी धड बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, आणि पुढेही जिन्यात हसण्यापलीकडे गेलं नाही. मी तशीच उठून त्यांच्या दारात गेले. दार उघडंच होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात पार्टिशनला दोन ब्रॅकेटवर आमच्या फळीचा तुकडा ठोकलेला होता. खोबण आमच्या खोबणीच्या रेषेत, उतारही तोच. त्यावर पाचवी घंटी. घंटीला सुतळी बांधलेली, आणि सुतळीचं टोक सोनूबाईंच्या हातात. समोर परातीत अर्धवट निवडलेली मेथी. म्हणजे आमच्या चौथ्या घंटीपासून बरोबर नऊ मुठी. मध्ये फक्त भिंत आली होती.

"सरांनी लावली," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुण्याला होता तवा. म्हणले, सोनूबाई, माझी फळी कापली पण घंटीची जागा तुमच्या घरात आली, आता काय करू? मी म्हणलं, लावा की. मग रोज सर तिकडनं गोळी सोडायचे. चार झाल्या की मी दोरी ओढायची. पहिल्यांदा लई चुकायचं. सर भिंतीवर टकटक करून सांगायचे, लवकर झाली, उशिरा झाली. मग जमलं. तुम्ही आल्यावर तुम्हांला चकित करायचं हुतं त्यांना."

"आणि तो गेल्यावर?" माझा आवाज चढला होता. "इतके महिने तुम्ही वाजवत होता? मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दारात उभं राहून भलतंच काही बोलले असावे.

"तुम्हांला काय सांगू, बाई? सर म्हणले हुते, आमच्या मॅडमना ह्या फळीचा राग हाय, त्या हात लावत नाहीत. सर गेले. महिन्याभरानं मी भाजी निवडत हुते, तिकडं गोळी सुटली. तुमच्या घरात दिवा नाही. मला वाटलं, सरच." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आम्ही भूतबीत मानत नाही, बाई. भीमराज ऐकंल तर मलाच रागवंल. पण माणसानं हाक दिली तर ओ द्यायला नको का? म्हणून द्यायचे. पौर्णिमेला तेवढी विहारात जाते, त्या दिवशी चुकायचं. दुसऱ्या दिवशी मनात म्हणायचे, सर, माफ करा."

मी त्यांना बोलणार होते, पुष्कळ बोलणार होते. माझं माणूस त्यांनी माझ्यापासून काढून घेतलं होतं, तेही मेथी निवडता निवडता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं की मीही त्यांचं तेच केलंय. भिंतीच्या एका बाजूला मी त्याला ओ देताना ऐकत होते, दुसऱ्या बाजूला त्या त्याची हाक ऐकत होत्या, आणि मध्ये कुणीच नव्हतं. नुसतं प्लायवूड. ते कळलं तेव्हा मी रडले. सोनूबाईही रडल्या. त्याचं दुसऱ्यांदा सुतक धरावं तशा आम्ही दोघी त्या परातीपाशी बसलो.

निघताना त्यांनी घंटीमागे अडकवलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा काढून दिला. "ह्यानं मोजलं सरांनी. जुन्या खुणांवरनं कापला. म्हणले, ही माझ्या बायकोची मूठ." मी त्याच्यावर माझी मूठ ठेवून पाहिली. चारी बाजूंनी पुठ्ठा उरला. नंदकुमारने माझी मूठ तरुणपणीची धरली होती.

भीमराज तुकडा काढून द्यायला तयार होता, मी नको म्हटलं. घंटी नंदकुमारने तिच्या जागेवर लावलेली, मी कोण हलवणार. स्वरदाला वाटलं आई बाबांना शेवटी मागे सोडून आली. तसं काही नव्हतं.

मुलुंडचा पॅसेज खरंच लांब आहे. चार घंट्यांची फळी त्यात आखूड दिसते. पहिल्या संध्याकाळी मी दिवा लावून गोळी सोडली, चार वाजल्या, आणि पुढे काही नाही. लांबच लांब स्वच्छ टाइल्स. मग फोन आला. सोनूबाई होत्या. "बाई, भाजी निवडायला बसले, हात राहीना. सोडता का?"

आता रोज फोन डब्याशेजारी ठेवते, आवाज मोठा करून. गोळी सोडते. चार घंट्या पलीकडे ऐकू जातात, त्या दोरी ओढतात, आणि पाचवी परत येते. पण फोनमधून जाऊन यायला वेळ लागतो. पाचवी घंटी उशिरा वाजते, रोज, थोडीशीच. नंदकुमार असता तर भिंतीवर टकटक केली असती. ठोका पडायला हवा तिथे पडत नाही, तेवढा क्षण घर अगदी रिकामं असतं, आणि त्या क्षणात तो गेलेला असतो, पुण्याला त्याची बातमी आली होती तसा, नव्याने. मग टिंग वाजते आणि सोनूबाई विचारतात, "जेवलात का?"

मी जेवले म्हणते, आणि उद्या पुन्हा सोडते.