समान गुणांचे घोडे

माझा मामा चष्मेवाला. एकतीस वर्षं एकाच दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "हे बरं की हे बरं?" विचारत आलेला माणूस. बुधवारी जेवताना, पाणी मागावं तितक्या सहज त्यानं सांगितलं, की येत्या सोमवारी तो दुकान विकतोय आणि त्या पैशावर घोड्यांच्या शर्यती खेळणार आहे.

मामीच्या हातातला डाव हवेतच राहिला. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. मी ओरडतेच. घरात सगळ्यांना सवय आहे.

"आधी वह्या बघ, मग तोंड सोड," मामा म्हणाला.

वह्या नऊ होत्या. सहा वर्षांत त्यानं अकराशे चाळीस शर्यती नुसत्या कागदावर खेळल्या होत्या. खिशातली दमडीही लावली नव्हती. पद्धत त्याची स्वतःची: मागच्या तीन शर्यतींत घोडा कितवा आला, पाठीवर वजन किती, स्वार कोण, मध्ये विश्रांती किती दिवसांची, प्रत्येक गोष्टीला गुण. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या घोड्यावर शंभर लावायचे. शेवटच्या पानावर निकाल लिहिला होता: शंभराला सरासरी एकशे अठरा परत.

"तू औषधं तपासतेस ना?" तो म्हणाला. मी औषधाच्या कंपनीत संख्याशास्त्र बघते. माणूस औषधानं बरा झाला की आपला आपणच, हे आकड्यांवरून सांगायचं, त्याचे मला पैसे मिळतात. "मग हेही तपास. चूक काढलीस तर दुकान राहील. नाही निघाली, तर तुम्ही दोघींनी चकार शब्द काढायचा नाही."

मामीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काढ गं बाई चूक. वरच्या या दोन खोल्यासुद्धा दुकानाबरोबर जाणार आहेत. या वयात आम्ही जायचं कुठं?"

म्हटलं, त्यात काय! अशा पद्धती मी चुटकीसरशी मोडते. घोडामैदान जवळच होतं.

दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी मी ठाण मांडलं. आधी पाहिलं, हे नुसतं नशीब तर नाही? संगणकाला सांगितलं, प्रत्येक शर्यतीत डोळे मिटून एक घोडा उचल, आणि सगळ्या वह्या अशा दहा हजार वेळा खेळ. त्या दहा हजारांत एकशे अठरापर्यंत पोचले फक्त चार. माझं तोंड एवढंसं झालं.

मग दुसरा संशय. माणसं जुन्या शर्यती बघून त्यांच्या मापाचे नियम बेततात आणि मग म्हणतात, बघा कसे बसले! पण मामानं नियम पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते आणि सहा वर्षांत त्यांतला एक शब्द खोडला नव्हता. पहिली तीन वर्षं वेगळी काढली, नंतरची तीन वेगळी. दोन्हींकडे फायदा सारखाच.

शुक्रवारी मामीनं विचारलं, "सापडलं का काही?" मी मान हलवली. खरं सांगू? मनातून मला थोडं बरंही वाटत होतं. माझा मामा, ज्याला शाळा अर्धी सोडावी लागली, त्यानं भल्याभल्यांना जमलं नाही ते केलं असेल तर? आणि त्याच क्षणी मामीचा चेहरा बघून माझीच मला लाज वाटली.

शनिवारी ठरवलं, त्याच्या निवडी बाजूला ठेवायच्या आणि त्याचे नियम वापरून घोडे आपण निवडायचे. सातव्याच शर्यतीत अडले. दोन घोड्यांना चौदा-चौदा गुण. मी एक घेतला, वहीत दुसराच होता.

मी बाहेर डोकावले. मामा एका बाईंच्या चष्म्याची दांडी वाकवत होता. "मामा, गुण समान आले तर कुठला घ्यायचा?"

"वरचा."

"वरचा म्हणजे?"

"यादीत जो वर असेल तो. त्यात काय एवढं?"

"यादी कुठली?"

"अगं, पेपरातली. शेजारचा न्हावी आदल्या दिवसाचे पेपर देतो ना, त्यातलं शर्यतीचं पान."

आदल्या दिवसाचे पेपर. म्हणजे शर्यत होऊन गेल्यावर हाती येणारं पान. वह्यांत जपून ठेवलेल्या कात्रणांतलं एक मी काढलं. घोडे ज्या क्रमानं पोचले, त्याच क्रमानं छापलेले. पहिला सगळ्यांत वर. मामानं वहीत यादी जशीच्या तशी उतरवली होती, मग गुण दिले होते, आणि गुण समान आले की वरचा घेतला होता. घोडं पेंड खात होतं ते इथं.

समान गुणांच्या शर्यती तीनशे बारा निघाल्या. त्यांत शंभराला एकशे ब्याण्णव. उरलेल्या आठशे अठ्ठावीस शर्यतींत शंभराला नव्वद.

चूक सापडली, तर मला नाचायला हवं होतं. मी तिथंच बसून रडले. सहा वर्षं! आणि हे त्याला सांगायचं कुणी, तर मी. ओरडून हे सांगता येणार नव्हतं, आणि दुसरी कुठली रीत मला ठाऊक नव्हती.

रविवारी सकाळी दुकान बंद असताना मी त्याच्यापुढे चाळीस कागद ठेवले. "गिऱ्हाईक खरं बोलतंय का बघायला तू तीच काच दोनदा लावतोस ना? आज मी तुला तपासणार. या तुझ्याच वह्यांतल्या समान गुणांच्या शर्यती. फक्त नावं चिठ्ठ्या टाकून मागेपुढे केलीत. निवड."

"तपास की," तो हसला आणि भराभर खुणा करत सुटला.

मग आम्ही वह्या उघडल्या. वह्यांत या चाळीसपैकी चाळीस वेळा त्याचा घोडा दुसऱ्या समान गुणांच्या घोड्याच्या पुढे आला होता. आज एकोणीस वेळा. मामानं तो आकडा पाहिला. न्हाव्याकडचं एक कात्रण उचललं, वरून खाली वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"अरेच्चा," तो अगदी हळू म्हणाला. "मी निकाल बघून खेळत होतो की गं."

"वरातीमागून घोडं," मामी दारातून म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

मामा तिच्याकडे बघून हसला, पण त्याचे डोळे भरले होते. "वाटलं होतं, एकदा तरी आपलं डोकं चाललं."

"चाललंच आहे!" आता मात्र मी ओरडले. "माझ्या कचेरीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं हरलेले कागद ड्रॉवरमध्ये दडवतात. तू एकूण एक हार वहीत लिहिलीस. म्हणून तर चूक सापडली. आणि पैसे लावायच्या आधी तपासायला दिलंस, ते कोण करतं रे? मला तुझा अभिमान वाटतो, कळलं?"

तो उठला, फोनपाशी गेला आणि दुकान घेणाऱ्याला त्यानं सांगितलं, की व्यवहार रद्द, चूक माझी, माफ करा. समोरचा बराच वेळ तणतणत होता. मामानं सगळं ऐकून घेतलं.

परत आला तो कोरी वही घेऊनच. "आता यादी शर्यतीच्या आधी उतरवायची. सकाळचा ताजा पेपर विकत आणून. समान गुण आले की नाणं उडवायचं. पैसे न लावता."

मामीनं कपाळावर हात मारला. "पुन्हा घोडे?"

"पद्धतीत राम आहे की नाही, हे कळायला नको? बघू, किती शर्यती लागतील गं?"

"हजारभर तरी," मी म्हटलं. "म्हणजे पाच-सहा वर्षं."

"आणि तोवर दुकान?" मामीनं विचारलं.

"तोवर कसं विकणार? तपासणी पुरी झाल्याशिवाय?"

मामीनं त्याच्या हातातली वही घेतली, कव्हरवर त्याचं नाव घातलं आणि ती परत त्याच्या हातात दिली.

"हजारानं काय होतंय?" ती म्हणाली. "चांगल्या तीन हजार लिहा."