पडद्यापलीकडचा प्रश्न

मॅडमनी शेकाची पिशवी काकूंच्या मानेखाली सरकवली तोच त्या चाचरत म्हणाल्या, "आज त्या नवीन मुलीला मान दाखवू का? रागावणार नाही ना?"

"छे हो! रागवायचंय काय त्यात?" मॅडमनी पिशवी ओढूनच काढली.

काकू शिवणकाम करायच्या. सहा वर्षं या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्यांची मान मॅडमच्या हाताखाली होती. डोळे मिटूनही मॅडमना तिचा मणकान् मणका सांगता आला असता. आणि ही कालची पोर! येऊन जेमतेम दोन महिने झाले, हात कमी नि तोंडच जास्त चालायचं. तरी पेशंट आपले तिच्याच टेबलाकडे.

मुलीच्या टेबलापुढचा पडदा ओढला गेला. मॅडम अलीकडे टॉवेलच्या घड्या घालत बसल्या, घातलेल्याच पुन्हा मोडून. कान पलीकडे.

"कधीपासून दुखतंय, काकू?"

"झाली की सहा-सात वर्षं."

"तेव्हा घरात काय चाललं होतं?"

झालं! येईल त्याला हेच. दुखतंय कुठे ते बघायचं सोडून नसत्या चौकशा! म्हणे मनाच्या ताणानं दुखतं. मॅडमनी नाक मुरडलं.

पलीकडून काकूंचा आवाज आला, "मुलानं बोलणं टाकलं माझ्याशी. तेव्हापासून."

मॅडमच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. काकूंना मुलगा आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. सहा वर्षं मान मी चोळली आणि सांगितलं हिला! त्यांचा नुसता जळफळाट झाला.

"जरा मोकळं वाटतंय हो," जाताना काकू म्हणाल्या. तेही मुलीलाच.

दुपारी दवाखाना रिकामा झाला. टॉवेल वरच्या फळीवर ठेवताना मॅडमचा उजवा हात खांद्यापाशीच अडला. कळ लपली नाही.

"बसा बघू, मॅडम." मुलीनं खांद्यावर बोटं ठेवली. नेमक्या जागी. हात चांगला होता मेलीचा.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले," मॅडम बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बोटं जराशी थांबली, पुन्हा फिरू लागली.

"हात सावकाश वर घ्या. हं, खाली."

मॅडमनी वाट पाहिली. मुलगी पुढे काहीच विचारीना.

"विचार ना पुढचं," भिंतीकडे बघत मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना विचारतेस. मलाच तेवढं नाही?"