कुटुंब क्रमांक सात

"आबा, कुटुंबातली माणसं किती?" सोपानने विचारलं.

गेणबा त्याच्याकडे बघतच राहिले. "कुटुंब एकच हाय की," ते म्हणाले आणि ओसरीच्या पलीकडच्या टोकाला लसूण सोलत बसलेल्या द्वारकाबाईंकडे त्यांनी हनुवटी उडवली. "ती काय, बसलीया तितं."

सोपानला हसू आलं. जुन्या माणसांच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको. सरकारी कागदावर कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एकोणीस वर्षं घरोघर हेच विचारत हिंडणाऱ्या सोपानला हा घोळ काही नवा नव्हता. इंदापूरहून भल्या सकाळी मोटारसायकल हाणत तो पणदऱ्याच्या या वस्तीवर आला होता. पाहणीसाठी निवडलेल्या यादीतल्या चोवीस घरांपैकी हे सातवं.

मग त्याने आपलं काम समजावून सांगितलं. तालुक्यातली सगळी घरं कमी कमाईपासून जास्त कमाईपर्यंत एका ओळीत उभी आहेत असं समजायचं आणि बरोब्बर मधल्या घराची कमाई किती ते काढायचं. सरासरीचं काय, एखादा बडा बागायतदार अख्ख्या आळीला कागदावर श्रीमंत करून सोडतो. मधलं घर तशी फसवणूक करत नाही. हे सांगताना सोपानची छाती जराशी फुगायचीच. शिक्षण बेताचं, नोकरी कंत्राटी, पण त्याच्या हातून आजवर एक ओळ खोटी गेली नव्हती.

थोरली सून सोनल पदराला हात पुसत बाहेर आली. नवरा जोतीराम कारखान्यावर कामाला गेलेला, म्हणून आकडे तिनेच सांगितले. ऊस, दोन गाईंचं दूध, नवऱ्याचा पगार, काही म्हणता काही लपवलं नाही. असं घर मिळायला नशीब लागतं, सोपान मनात म्हणाला.

"आन् माणसं पाच. आमी दोघं, दोन पोरं, आबा."

"सहा," गेणबा म्हणाले.

सोनलने मान खाली घातली. आठ वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, तेव्हा आबा थोरल्याकडे आले आणि सासूबाई धाकट्या संदेशकडे गेल्या, असं तिने हळू आवाजात सांगितलं. ओसरी एकच राहिली, आत भिंत पडली, चुली दोन झाल्या. जमीन सारखी वाटली, गाई सारख्या वाटल्या, तशीच ही दोघं. कुणाला कुणी उपाशी ठेवत नव्हतं की वाकडं बोलत नव्हतं, आणि ही रीत काही त्यांनीच काढलेली नव्हती.

संदेशची चूल यादीत नव्हती. म्हणजे म्हातारी कुठल्याच कागदावर येणार नव्हती. सोपानने टॅबवर पाच माणसं टाकली. गेणबांच्या नावापुढे 'विवाहित' टिपलं, तसा टॅबने लगेच पुढचा प्रश्न काढला: जोडीदार या कुटुंबात आहे की नाही?

द्वारकाबाई लसूण खाली ठेवून जवळ आल्या.

"बाळा, माजं नाव लिव की ह्यांच्या खाली. मला पैसंबिसं काय नगं. नुसतं नाव."

"आजी, जेवता कुठं तुमी?"

"धाकल्याकडं."

"मग न्हाय लिवता येत."

त्यांनी मान डोलावली आणि परत जागेवर जाऊन बसल्या. एका म्हातारीच्या नावाने तालुक्याचं मधलं घर तसूभर हललं नसतं, हे सोपानला कळत होतं. पण एकदा सैल सोडलं की मग थांबायचं कुठे? त्याने 'नाही'वर बोट टेकवलं.

शेवटी सगळं वाचून दाखवायचा नियम होता. ती एक ओळ गिळता आली असती, पण सवय मोडवेना. "गेणबा, विवाहित, पत्नी या कुटुंबात नाही," त्याने वाचलं. मग सहीसाठी त्याने टॅब पुढे केला.

गेणबांनी हात मागे घेतला. "ह्याच्यावर मी बोट न्हाय ठिवायचा. ऊस खरा हाय, दूध खरं हाय. पर हे खोटं हाय."

सोपानने नाना परींनी समजावलं. ही फक्त चुलीची गोष्ट आहे, लग्नाची नाही. नाव कुठे छापून येत नाही. सही नसली तर घर बाद होईल, वर साहेब मलाच धारेवर धरतील. गेणबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुजी चूक न्हाय," ते म्हणाले. "वाटणीच्या दिशी पोरांनी इचारलं, आन् आमी दोघंबी व्हय म्हणलो. तवा कुणी सही मागितली आसती, तर म्या दिली नसती."

सोपानने सातव्या घरापुढे 'माहिती देण्यास नकार' असं टिपलं आणि टॅब पिशवीत घातला. त्याला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून तो उगाच चपलांचे पट्टे लावत बसला.

तेवढ्यात डावीकडच्या दारातून सोनलची हाक आली, "आबा, जेवायला चला." पाठोपाठ उजवीकडून धाकट्या सुनेची, "आई, ताट वाढलंय."

द्वारकाबाई उठल्या. गेणबांना हात देऊन त्यांनी उभं केलं, डावीकडच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलं आणि मग त्या उजवीकडच्या दाराने जेवायला गेल्या.