मैत्रिणींनाही पाठव

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या बाईला तिच्या दोन जिवलग मैत्रिणी बडबडी म्हणत, आणि ते नाव तिला शोभायचंही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर कळायच्या आधी तिला त्याच्या सुनेचं माहेर कळलेलं असायचं. मैत्रिणींपैकी एक लंबू, इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसणारी. दुसरी चिमणी. तरुणपणी तिघी एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहिलेल्या. आता तिघी तीन गावांना असल्या, तरी फोनवरच्या ग्रुपवर दिवसभर एकमेकींचं डोकं खाणं चालूच होतं.

चिमणीनं वर्षभरापूर्वी नवऱ्याचं घर सोडलं होतं. तो मारायचा. मारून झालं की शेजारी बसून सुजेवर बर्फ लावायचा, आणि चिमणीला त्या बर्फाचीच जास्त भीती वाटायची. ती कुठे गेली हे माहेरीसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती चादरींना इस्त्री करते, एवढंच बडबडीला माहीत होतं. गाव विचारलं की चिमणी विषय बदलायची.

त्या महिन्यात दुकानात एक मावशी चष्मा करायला आल्या. बोलायला लाघवी, पातळ पांढरा अंबाडा, हातात मात्र नवा कोरा फोन. फ्रेम बघता बघता त्यांनी आपल्या आईचा जुना फोटो दाखवला. फोटोतली बाई हळूच हसली, मान वळवून बघायला लागली. बडबडीच्या अंगावर काटा आला.

"हे कसं हो केलंत, मावशी?"

"एक अ‍ॅप आहे गं. असं शोधून मिळत नाही ते, त्याची फाइलच घ्यावी लागते. तुला पाठवते. आणि जुने फोटो असतील तर मैत्रिणींनाही पाठव. एकटीनं बघण्यात काय मजा?"

फाइल आली. फोन म्हणाला, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका आहे. बडबडीनं त्याला गप्प केलं, मागेल ती परवानगी देऊन टाकली आणि वसतिगृहाच्या गच्चीवरचा तिघींचा फोटो त्यात घातला. वीस वर्षांपूर्वीची चिमणी वेणी उडवून हसली. बडबडीला रडूच आलं. तिनं फोटो आणि फाइल दोन्ही ग्रुपवर पाठवून दिली.

"माझा फोन घेत नाहीये गं," चिमणीनं लिहिलं. "धोका म्हणतोय."

"तो सगळ्यालाच धोका म्हणतो. सेटिंग उघड, मी सांगते तसं कर."

आणि बडबडीनं तिला एकेक बटण सांगत, कुठे हो म्हणायचं, कुठे पुढे जायचं, सगळं शिकवलं. लंबूनंही ते अ‍ॅप घेतलं. चार दिवस गच्चीवरच्या त्या तीन पोरी फोनमध्ये हसत राहिल्या. चिमणीनं खुशीत येऊन आपला ताजा फोटोही टाकला. केस मानेपर्यंत कापलेले, कानाशी पांढरी क्लिप.

मग एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, एक माणूस आत आला. स्वच्छ शर्ट, नीट भांग. तो काउंटरपर्यंत येईस्तोवर बडबडीच्या तोंडावर गिऱ्हाइकासाठीचं हसू होतं. मग तिनं त्याला ओळखलं. चिमणीच्या लग्नात तिनंच त्याच्या कपाळाला टिळा लावला होता.

"मावशीचा चष्मा तयार असेल ना, ताई?" तो म्हणाला. "मावशी माझी सख्खी."

बडबडीनं डबी काढली. त्याच्या हातात न देता ती काउंटरवर ठेवली आणि पुढे सरकवली. त्यानं चष्मा उजेडात धरून बघितला. रुमालानं सावकाश पुसला.

"केस कापल्यावर वेगळीच दिसते नाही आमची? ती पांढरी क्लिप मात्र बरी दिसत नाही."

बडबडीनं चष्म्याची पावती फाडून त्याच्यापुढे ठेवली.

"चला, निघतो. लांब जायचंय," तो म्हणाला आणि जाताना दार अगदी हळू लावून घेतलं.

तो फोटो ग्रुपच्या बाहेर कोणीही पाहिलेला नव्हता. ग्रुपमध्ये तर त्या तिघीच. लंबू मेली तरी देणार नाही. मग त्यानं पाहिला कुठे? तिची नजर काउंटरवरच्या स्वतःच्या फोनवर गेली आणि तिनं हात असा मागे घेतला, जणू तिथे विंचू बसलाय.

फोन रुमालात गुंडाळून ती शेजारच्या मोबाइलवाल्याकडे धावली. त्यानं फाइलचं नाव वाचलं, परवानग्या बघितल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, हे फोटो हलवतं ते वरवरचं. आतून तुमचे मेसेज, फोटो, तुम्ही कुठे आहात ते, सगळं बाहेर जातंय. माइकसुद्धा चालू आहे." मग त्यानं फोन बंद करून उलटा ठेवला आणि आवाज खाली आणला. "आणखी कोणाला दिलंत?"

बडबडी तिथल्याच स्टुलावर बसली. ज्या पोरीनं वर्षभर स्वतःची सावलीसुद्धा कोणाला दिसू दिली नाही, तिच्या घराचं दार बडबडीनं सेटिंग समजावून उघडून दिलं होतं.

स्वतःच्या फोनवरून चिमणीला कळवायची सोय नव्हती; चिमणीचा नवरा लगेच वाचणार. मोबाइलवाल्याच्या फोनवरून तिनं चिमणीला लावला. रिंग वाजत राहिली. अनोळखी नंबर चिमणी उचलायची नाही, शिवाय कामाच्या वेळी फोन कपाटात. मग तिनं लंबूच्या इस्पितळात, चौकशीच्या खिडकीवरच फोन केला.

लंबूनं सगळं ऐकून घेतलं. आधी स्वतःचा मोबाइल बंद केला.

"हॉटेलचं नाव मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "घे लिहून."

"तुला माहीत आहे? मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. आता रडू नकोस, फोन लाव. मी पोलिसांकडे बघते."

हॉटेलच्या स्वागतकक्षानं फोन लाँड्रीत जोडून दिला. मागे यंत्रांची घरघर. तिथल्या मुकादमबाईचा आवाज खरखरीत होता.

"कामाच्या वेळी खासगी फोन देत नाही आम्ही. सुट्टीत करा."

"बाई, ठेवू नका हो! तिचा नवरा तिकडे निघालाय. तिचा ठावठिकाणा त्याला माझ्यामुळे कळलाय."

मग ती बाई म्हणाली, "दिसायला कसा आहे?"

बडबडीनं सांगितलं. शर्ट, भांग, सगळं.

"बरं. आता पुन्हा इथे फोन करू नका," असं म्हणून बाईनं फोन ठेवून दिला.

तो दिवस बडबडीनं कसा काढला ते तिलाच माहीत. एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या चष्म्याच्या काचा तिनं उलटसुलट बसवल्या. डोळ्यांसमोर ते बर्फाचं भांडं आणि त्यात बुडालेला त्याचा हात. दुकानाचं दार वाजलं की तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. तो परत आला असेल, काम उरकून आला असेल, असंच दर वेळी वाटायचं. मालक म्हणाले, "आज तोंडाला कुलूप लावलंयस की काय?" ती काचा पुसत राहिली.

संध्याकाळी लंबूचा निरोप मोबाइलवाल्याकडे आला. चिमणीचा नवरा दुपारीच हॉटेलवर पोचला होता. तोपर्यंत मुकादमबाईनं चिमणीला धुतलेल्या चादरींच्या गाडीत, गाठोड्यांच्या आड बसवून मागच्या फाटकातून काढलं होतं. तिचा फोन कपाटातच चालू ठेवला होता, मुद्दाम. त्यामुळे ती आतच आहे असं समजून नवरा त्या इमारतीच्या दाराशी घुटमळत राहिला आणि पोलीस आले तेव्हा तिथेच सापडला. पिशवीत तिच्यासाठी साडी होती आणि साडीखाली दोरी.

दोरी हा शब्द ऐकला आणि बडबडी दुकानाच्या मागच्या मोरीत जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोलिसांत जबाब दिला. आपण काय काय शिकवलं तेही न लपवता सांगितलं. मावशी म्हणाल्या, भाच्यानं सांगितलं तसं केलं, मला म्हातारीला काय कळतंय. खरं-खोटं बडबडीला ठरवता आलं नाही.

बऱ्याच दिवसांनी दुकानातल्या फोनवर फोन आला.

"बडबडे," चिमणी म्हणाली.

बडबडीला हुंदका आवरेना. "माझ्यामुळे, चिमणे... मीच..."

"तुला ठाऊक नव्हतं. मला राग आलाय, पण तुला ठाऊक नव्हतं."

"आता कुठे..." बडबडीच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं.

चिमणी थांबली होती. पुढचा प्रश्न येत नाही असं दिसल्यावर तिनं श्वास सोडला. "अजून झोप लागत नाही गं. कपाट वाजलं तरी उठून बसते."

"मी पण," बडबडी म्हणाली. "दार वाजलं की."